एक कोन सापडला की आठही सापडतात

आजचा एपिसोड कानांनी ऐकायचा आहेच, पण हातानेही करायचा आहे. त्यामुळे एक वही आणि पेन जवळ घ्या. गाडीवर असाल तर घरी पोचल्यावर ऐका, घाई नाही.

वही रेघांची हवी. त्यातल्या कुठल्याही दोन रेघा पेनाने गिरवा. या झाल्या समांतर रेषा. आता दोघींना कापत जाणारी एक तिरकी रेघ मारा. हिला म्हणतात छेदिका. दोन ठिकाणी छेद झाला, प्रत्येक ठिकाणी चार कोन, म्हणजे एकूण आठ. इथेच वर्गात नावांचा पाऊस सुरू होतो : संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन, विरुद्ध कोन. मुलं नावं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात.

आपण आज उलटीकडून जाऊ. आठपैकी फक्त एक कोन मोजा. समजा तो ७० अंश आला. त्याच्या शेजारचा, सरळ रेषेवरचा कोन किती? सरळ रेषेवर १८० अंश असतात, म्हणून ११०. समोरासमोरचे कोन सारखेच. झाले वरचे चार : ७०, ११०, ७०, ११०. आतापर्यंत समांतर हा शब्द आपल्याला लागलाच नाही, बघा.

तो लागतो खाली उतरताना. दोन्ही रेषांची दिशा एकच आहे, म्हणून छेदिका पहिलीला जितकी तिरकी, तितकीच दुसरीलाही तिरकी. म्हणून वरचे चार कोन जसेच्या तसे खाली उतरतात. एका जागेवरचे ते संगत कोन, ते समान. इंग्रजी झेड अक्षराच्या दोन कोपऱ्यांतले ते व्युत्क्रम कोन, तेही समान. छेदिकेच्या एकाच बाजूचे आतले दोन, म्हणजे आंतरकोन, त्यांची बेरीज १८०. वेगवेगळे नियम वाटतात, पण मूळ गोष्ट एकच आहे.

आणि म्हणूनच खरा प्रश्न हा, की रेषा समांतर आहेत हे सांगितलं कुणी? रेषा समांतर नसल्या तरी संगत कोन हे नाव तसंच राहतं, पण ते समान राहत नाहीत. आकृतीत रेषा समांतर दिसतात म्हणून तसं धरून चालायचं नाही. गणितात दिलेलं असायला हवं, किंवा आपण सिद्ध करायला हवं. माझ्या मते या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे.

ते किती महत्त्वाचं, ते सांगतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एरॅटोस्थेनिस नावाचा विद्वान होता. तिथल्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा तो प्रमुख. दक्षिणेला सायीन नावाचं गाव होतं, म्हणजे आजचं आस्वान. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येई आणि उभ्या काठीची सावली पडत नसे. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावली दिवस येतो ना, तसंच. पण त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडत होती. काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन निघाला वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश.

आता वहीत बघा. सायीनमधला किरण सरळ खाली वाढवला तर पृथ्वीच्या केंद्रात जातो. अलेक्झांड्रियातला किरण त्याला समांतर. अलेक्झांड्रियाची काठी खाली वाढवली तर तीही केंद्रात जाते, म्हणजे ती झाली छेदिका! मग काठीच्या टोकाशी जो ७.२ अंशांचा कोन आहे, तोच पृथ्वीच्या केंद्राशी. व्युत्क्रम कोन, बस्स. दोन गावांमधलं अंतर आजच्या हिशेबाने सुमारे ८०० किलोमीटर. त्याला ५० ने गुणा : ४०,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर जवळपास तेवढाच आहे.

पण थांबा. पृथ्वी सपाट आहे, असे फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. सपाटवाला म्हणेल, जमीन सपाट आहे आणि सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटरवर आहे, म्हणून सावल्या वेगळ्या. गंमत म्हणजे या दोन गावांपुरता त्याचा हिशेब जमतो! भांडण कोनांचं नाहीच, ते किरण समांतर आहेत की नाहीत याचं आहे. सूर्य इतका जवळ असता, तर संध्याकाळी दूर गेल्यावर तो दुपारपेक्षा बराच लहान दिसला असता. तसं होत नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, म्हणून आपल्यापर्यंत येणारे त्याचे किरण जवळजवळ समांतर. अट तपासली, वाद मिटला.

हे तुम्हीही करू शकता. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास सपाट गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करा. दुपारी बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि सगळ्यात लहान सावली लिहून ठेवा. सूर्याकडे थेट बघू नका, बघायचं आहे ते जमिनीकडे. कोल्हापुरात सावली साधारण ३० सेंटिमीटर येईल, पुण्यात ३३, नागपुरात ३९. काठी आणि किरण यांच्यातला कोन काढा, मग फोनच्या नकाशात तुमच्या गावाचा अक्षांश बघा. दोन्ही आकडे जवळपास सारखे येतील. का, ते आता तुम्ही स्वतः आकृती काढून शोधा. दुसऱ्या गावातल्या मित्रालाही हा एपिसोड पाठवा, सावली मोजायला दोन गावं असली की जास्त मजा येते.

भेटू पुढच्या भागात!