श्रद्धा स्वतःच्या नावाने, कायदा सर्वांच्या नावाने

आज पदवी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचे मनापासून अभिनंदन. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातली ही पहिली पदवी असेल. त्यामागे आईवडिलांनी पोटाला घातलेला चिमटा असेल, थोरल्या बहिणीने सोडलेले शिक्षण असेल. आजचा मान त्यांचाही आहे.

अशा आनंदाच्या दिवशी मी एका अवघड विषयावर बोलणार आहे. धर्म आणि राजकारण हे दोन शब्द एका वाक्यात आले की घरातली वडीलधारी माणसे विषय बदलतात आणि वर्षानुवर्षांचे मित्र एकमेकांशी बोलेनासे होतात. ज्या प्रश्नांवर आपली मते पडतात आणि आपले कायदे ठरतात, त्याच प्रश्नांवर आपल्याला चार माणसांत धड बोलता येत नाही, हे मला फार धोक्याचे वाटते. म्हणून या देशात याच विषयावर एकदा कसे बोलले गेले, ते आधी सांगतो.

१७ ऑक्टोबर १९४९. दिल्लीत संविधान सभेचे काम शेवटच्या टप्प्यात आले होते आणि उद्देशिका चर्चेला होती. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद होते. मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत उठले आणि त्यांनी दुरुस्ती मांडली: उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. कामत काही कर्मठ पुढारी नव्हते. आयसीएसची नोकरी सोडून ते सुभाषबाबूंच्या मागे गेले होते. एवढे मोठे कार्य ईश्वराचे स्मरण करून सुरू व्हावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती.

मग चर्चा रंगली. शिब्बनलाल सक्सेना यांना ईश्वराबरोबर महात्मा गांधींचाही उल्लेख हवा होता. पंडित गोविंद मालवीयांचा मसुदा परमेश्वराच्या कृपेचा होता. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही कामरूपचे लोक शक्तीचे उपासक. देवाचे नाव घ्यायचे तर देवीला का वगळता? त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै म्हणाले की माणसाला श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, तसेच श्रद्धा न ठेवण्याचेही आहे. ही दुरुस्ती झाली तर श्रद्धेची सक्ती होईल. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली की ईश्वरावर मतदान करण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका. पंडित हृदयनाथ कुंझरू यांचा मुद्दा सर्वांत नेमका होता. जी उद्देशिका प्रत्येकाला विचार, विश्वास आणि श्रद्धा यांचे स्वातंत्र्य देते, तिच्यातच एक श्रद्धा सर्वांच्या तोंडी घालणे हे तिच्याच आशयाशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

कामत मागे हटले नाहीत. मतविभागणी झाली. बाजूने ४१ मते पडली, विरोधात ६८. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, अशी व्यथा कामतांनी तिथेच बोलून दाखवली. त्यांना कोणी खाली बसवले नाही, देशद्रोही म्हटले नाही की विरोधात मत देणाऱ्या ६८ जणांना कोणी धर्मबुडवे ठरवले नाही. त्या ६८ जणांत रोज पूजा करणारे किती होते, हे मतांची मोजणी सांगत नाही. सांगण्याची गरजही नव्हती.

या प्रसंगाला एक जोड आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. आधीच्या वर्षी, डिसेंबर १९४८ मध्ये, राष्ट्रपतींच्या शपथेचा मसुदा चर्चेला आला होता. त्यात ईश्वराचे नाव नव्हते. कामत आणि महावीर त्यागी यांनी ते सुचवले आणि सभेने ते मान्य केले, पण पर्याय म्हणून. म्हणूनच आजही मंत्री किंवा आमदार शपथ घेताना कोणी 'ईश्वरसाक्ष' म्हणतो, कोणी 'गांभीर्यपूर्वक' म्हणतो. दोन्ही शपथांचे वजन सारखेच.

एकाच सभेने ईश्वराचे नाव एका ठिकाणी स्वीकारले आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारले. वरवर पाहता ही विसंगती वाटेल, पण विचार केला की त्यामागचे सूत्र दिसते. शपथ एक माणूस स्वतःच्या नावाने घेतो. तिथे त्याची श्रद्धा त्याच्याबरोबर यायलाच हवी. ती दाराबाहेर काढून ठेवून आत ये, असे लोकशाही त्याला सांगू शकत नाही. उद्देशिका मात्र सर्वांच्या नावाने बोलते. तिथे माझी श्रद्धा तुझ्या तोंडी घालण्याचा अधिकार मला नाही, मग माझी संख्या कितीही मोठी असो. मला आज तुमच्यासमोर जे मांडायचे आहे ते एवढेच आहे. पुढचे सगळे याचाच विस्तार आहे.

पहिली गोष्ट. कोणताही समाज एका तोंडाने बोलत नाही. 'हिंदूंना असे वाटते', 'मुसलमानांना तसे वाटते' ही वाक्ये आपण सर्रास ऐकतो. संविधान सभेची कार्यवृत्ते उघडा, ही वाक्ये टिकत नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचे कलम चर्चेला आले. बिहारचे तजम्मुल हुसेन म्हणाले, धर्म ही खासगी बाब आहे. तो खासगीतच आचरावा आणि धर्म ओळखू येईल असा पोशाख किंवा खूणही कोणी वागवू नये. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांचा धर्मप्रचाराच्या हक्काला कडाडून विरोध होता. त्या हक्काच्या बाजूने पंडित लक्ष्मीकांत मैत्र उभे राहिले. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी स्वतःचा दाखला दिला: मी सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, माझा धर्म बदलण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. कन्हैयालाल मुनशी म्हणाले की ख्रिस्ती समाजाला या हक्काचे मोल वाटते, आणि भाषणस्वातंत्र्य दिल्यावर आपले म्हणणे पटवून देण्याचा अधिकार तसाही प्रत्येकाला मिळतोच. अखेर हक्क मान्य झाला.

मे १९४९ मध्येही हेच दिसले. मद्रासचे मुहम्मद इस्माईल मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागत होते आणि त्याच सभागृहात बेगम ऐझाज रसूल सांगत होत्या की राखीव जागादेखील अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतील. धर्म एक, मते दोन. म्हणून कोणी तुम्हाला सांगू लागला की 'तुमच्या समाजाचे मत हे आहे', तर त्याला शांतपणे विचारा, हे मत कधी घेतले आणि कोणाकोणाला विचारले?

दुसरी गोष्ट. धर्माची ओळख राजकारणात कुठपर्यंत यावी? हा प्रश्न महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातून अभिराम सिंग निवडून आले होते आणि त्या निवडीला आव्हान दिले गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्माच्या नावावर मते मागण्यास मनाई करते. ही मनाई फक्त उमेदवाराच्या धर्मापुरती, की मतदाराच्या धर्मालाही लागू? २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला: मतदाराच्या धर्माच्या नावानेही आवाहन करता येणार नाही.

माझी विनंती आहे, निकालाबरोबर भिन्नमतही वाचा. ते न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले आहे. धर्म, जात किंवा भाषा यांमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी तो अन्याय निवडणुकीत बोलूनच दाखवायचा नाही, असे म्हटले तर लोकशाही पोकळ होईल, हा त्यातला गाभा. महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह झाला, तो धर्माचा प्रश्न होता की राजकारणाचा? दोन्हीचा होता. 'मी या धर्माचा, म्हणून मला मत द्या' आणि 'या धर्माच्या नावाखाली आमच्यावर हा अन्याय झाला, तो दूर करा' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्यावर वाद घालताच येत नाही. जन्माने ठरलेल्या गोष्टीवर काय युक्तिवाद करणार? दुसरे वाक्य तपासता येते, खोडता येते, मान्यही करता येते. राजकारणात धर्म आला तर तो या दुसऱ्या वाटेने यावा.

तिसरी गोष्ट. वादाची सुरुवात आपल्या घरापासून करा. आपल्याकडे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' नावाचे भारूड लिहिले. त्यात हिंदू आणि तुर्क एकमेकांच्या आचारांवर तुटून पडतात. तुर्क मूर्तिपूजेवर बोट ठेवतो, हिंदू त्याच्या रीतींवर. हातचे राखून कोणी बोलत नाही. शेवट मात्र समेटाचा आहे. लक्षात घ्या, तो रचणारा हिंदू संत आहे आणि त्याने आपल्याच धर्मावरचे आक्षेप प्रतिपक्षाच्या तोंडून पूर्ण ताकदीने येऊ दिले आहेत. असे करायला छातीत दम लागतो आणि स्वतःच्या श्रद्धेवर भरवसाही लागतो.

तोच दम चिपळूणजवळच्या मिरजोळीचे मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी दाखवला. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा करा, या मागण्या होत्या. फक्त सात जणी. पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. एका दमात उच्चारलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. मोर्चापासूनच्या या ५१ वर्षांत हे कार्यकर्ते समाजात कायम परके ठरवले गेले, तरी ते बोलत राहिले. दुसऱ्याच्या धर्मातल्या चुका दाखवायला फारसे धैर्य लागत नाही, टाळ्याही मिळतात. आपल्या पंगतीत बसून 'हे चुकते आहे' म्हणणारा माणूस एकटा पडतो. अशा माणसाचे मत पटो न पटो, त्याच्या बाजूला उभे राहून निदान त्याला बोलू द्या.

मोकळ्या वादाने हाती काय लागते, याचा आपल्या राज्यातला नमुना जादूटोणाविरोधी कायदा आहे. विधेयक कित्येक वर्षे रखडले होते. आपल्या परंपरांवर गदा येईल, अशी भीती अनेक वारकऱ्यांना वाटत होती. त्या भीतीची दखल कायद्यात घेतली गेली: कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना हा कायदा लागू नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. विरोधकांच्या आक्षेपाने कायदा अधिक नेमका झाला. मात्र डिसेंबर २०१३ मध्ये तो विधिमंडळात संमत झाला, तेव्हा त्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हयात नव्हते. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. ज्याच्याकडे उत्तर होते तो वारकरी चर्चेला बसला. ज्याच्याकडे उत्तर नव्हते त्याने पिस्तूल काढले. या दोघांना एकाच धर्माचे रक्षक समजण्याची चूक तुम्ही कधीही करू नका.

मित्रांनो, सहिष्णुता म्हणजे तोंड मिटून बसणे, असे मी मानत नाही. जो समाज भांडण नको म्हणून गप्प बसतो, तो आतून खदखदत राहतो आणि एखाद्या अफवेने पेटतो. मतभेद बोलून दाखवण्याची सवय हीच खरी शांततेची हमी. त्यासाठी तीन सवयी लावून घ्या.

एक, पूर्वपक्ष नीट मांडा. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतात आणि मगच त्याचे खंडन करतात. समोरच्याने 'हो, मला हेच म्हणायचे होते' असे म्हटल्याशिवाय उत्तराला हात घालू नका.

दोन, 'आमच्या भावना दुखावल्या' हे वाक्य वाद संपवण्यासाठी वापरू नका. भावना दुखावतात, हे खरे आहे आणि दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल बोलताना जिभेला वळण असावे, हेही खरे आहे. पण १९२७ मध्ये दंडविधानात २९५-अ हे कलम आले, तेव्हाही जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हाच गुन्हा ठरवला गेला. टीका, संशोधन आणि प्रामाणिक मतभेद हे गुन्हे नाहीत.

तीन, खुर्चीवर बसाल तेव्हा सर्वांच्या नावाने बसा. तुमच्यातले कोणी तहसीलदार होतील, कोणी फौजदार, कोणी शिक्षक, कोणी पत्रकार. घरी देव्हाऱ्यासमोर, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात तुम्ही तुमचे असता. टेबलापलीकडे अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे आडनाव वाचून ज्याचा हात थबकतो, त्याने सर्वांच्या नावाने मिळालेला अधिकार एका गटाच्या नावाने वापरला. असे करणारा सही कितीही नियमात बसवो, तो संविधानाशी बेइमान आहे.

तुमच्या श्रद्धा जपा. त्या नसतील तर आपली अश्रद्धाही तितक्याच सरळपणे सांगा. मतदानात हरलात तर कामतांसारखे आपले दुःख भर सभेत बोला आणि पुन्हा वादाला या. जिंकलात तर हरलेल्याला पुढच्या वेळी बोलण्यासाठी जागा राहील, याची जबाबदारी जिंकणाऱ्यावर म्हणजे तुमच्यावर आहे, हे विसरू नका. आजपासून या देशातला वाद तुमच्या हाती आहे. तो निर्भयपणे, अभ्यासाने आणि माणुसकीने चालवा.