हवा किती?

कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो पावसाविषयी, आईविषयी नाहीतर वैनगंगेविषयी बोलेल अशी आपली समजूत असते. मी आज टायरविषयी बोलणार आहे. माझं निम्मं आयुष्य टायरच्या चळतीवर बसून गेलं. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणारा हमरस्ता सरकारी कागदावर आता 53 क्रमांकाचा झाला, आम्ही त्याला अजून सहा नंबरच म्हणतो. त्या रस्त्याला अब्बांनी पंक्चरचं दुकान टाकलं. अब्बांनंतर ते भाईजान चालवतात. मी बी.ए. झालो, नोकरी काही लागली नाही, म्हणून दुकानाच्या वहीवर बसलो. सुरुवातीच्या कविता बिलबुकाच्या पाठीवर लिहिल्या. त्यातल्या काही गिऱ्हाइकांच्या खिशातून थेट रायपूरला गेल्या.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या मुलाचा नागपूरहून फोन आला. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मामू, आमची गाडी घेऊन येतो. मोकळी सिमेंटची जागा पाहून ठेवा." मला वाटलं, जुनी मारुती असेल. छोट्या टेम्पोतून उतरली ती पाईप वेल्ड करून केलेली, जमिनीला टेकल्यासारखी, एकच माणूस बसेल अशी रेसिंग कार. आठ-दहा पोरापोरींनी स्वतः बनवलेली. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे नावाचा ट्रॅक आहे. एस. करीवर्धन या माणसाचं नाव त्याला दिलेलं आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याने मारुती 800 च्या इंजिनावर स्वस्तातली रेसिंग कार करून दाखवली, आणि ही हौस श्रीमंतांच्या अंगणातून थोडी बाहेर आली. 1995 मध्ये विमान अपघातात तो गेला. त्या ट्रॅकवर जानेवारीत विद्यार्थ्यांची 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा होते. तिथे या पोरांची गाडी वळणावर वळायचीच नाही. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळ पुढे. पुढच्या स्पर्धेआधी हे कोडं सोडवायचं होतं.

ओळखीच्या एका राईस मिलचं धान वाळवायचं पटांगण मिळालं. मिल बंद होती. रंगाचे रिकामे डबे मांडून इंग्रजी आठाचा आकार आखला आणि गाडी त्याभोवती फिरवायला सुरुवात झाली. चालवणारी मुलगी तुमसरची. तिचे वडील दुपारपर्यंत तिथे उभे होते, बोलत नव्हते, पण गाडी वळणावर घसरली की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा.

भाईजाननी पुढचा टायर पाहिला. टायरला एकही रेघ नाही, सपाट, काळा, हाताला चिकटणारा. अंगठा फिरवून म्हणाले, "बाहेरची कड खाल्ली आहे. हवा कमी. किती भरता?"

"अकरा पौंड, मामू."

भाईजान हसले. सायकलीतसुद्धा याहून जास्त असते. मोटारीत तीस-बत्तीस, ट्रकमध्ये शंभराच्या वर. त्यांनी फर्मावलं, अठरा करा.

इथे थोडं शास्त्र सांगतो. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा जमिनीला दाबल्या जातात आणि झिजतात. जास्त असली की टायर फुग्यासारखा मधे फुगतो आणि मधली पट्टी झिजते. एकच कड झिजली तर चाकाचा तिरपेपणा, ज्याला कॅम्बर म्हणतात, तो तपासायचा. शर्यतीच्या गाडीत मात्र बाहेरची कड दोन्ही कारणांनी जाते, कारण वळणावर सगळं ओझं बाहेरच्या चाकावर येतं आणि हवा कमी असेल तर टायर कडेवर लोळतो. हे झिजलेल्या टायरवर वाचायला आमच्या धंद्यात दहा-वीस हजार किलोमीटर थांबावं लागतं. या पोरांकडे दहा मिनिटं होती. म्हणून ते टायरचा ताप पाहतात. सुईचं थर्मामीटर असतं. गाडी थांबली रे थांबली की ती सुई रबरात बाहेर, मधे, आत अशी तीन ठिकाणी खुपसायची. नुसता वरून हात लावून कळत नाही, वरचा थर पाहता पाहता निवतो. जो भाग जास्त राबला तो जास्त तापलेला.

अकरा पौंडांवर बाहेरची कड सर्वांत गरम होती, म्हणजे भाईजानचं निदान बरोबर. अठरावर मधला भाग कडांपेक्षा गरम निघाला आणि गाडी ओल्या फरशीवर चालल्यासारखी उडू लागली. मुलगी खाली उतरून म्हणाली, "मामा, हे तर आधीपेक्षा भीतीदायक आहे." म्हणजे औषधाची मात्रा चुकली. भाईजानना ते मान्य करायला अर्धा तास लागला. एक विडी संपली, दुसरी पेटली. मग म्हणाले, "गाडीचं वजन किती?" अडीचशे किलो, असं भाच्याने सांगितलं. "मग तसं सांगायचं ना गा. मी टनात विचार करतो."

दुसऱ्या दिवशी मी शाळेचे खडू नेले. ही युक्ती पोरांना ठाऊक होती, परदेशातले हौशी शर्यतवाले खडू किंवा पांढरं बूटपॉलिश वापरतात. टायरच्या कडेवरून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढायची, चार वळणं घ्यायची आणि रेघ कुठवर पुसली गेली ते बघायचं. भिंतीवरची रेघही पुसली तर टायर लोळतो, हवा वाढवा. कडेपर्यंत पुसलीच नाही तर हवा जास्त. अडीच रुपयांच्या खडूने जे सांगितलं ते पोरांच्या संगणकाशी बरंचसं जुळलं. भाईजान या रेघेवर इतके खूश झाले की त्यांनी आलेल्या एका ट्रॅक्टरलाही ती ओढून पाहिली. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, नजर उतरवताहेत.

वही माझ्याकडे आली. तीस वर्षं जमाखर्च लिहिलेला हात. पोरं एकाच वेळी हवाही बदलायची, कॅम्बरही बदलायची आणि मग वेळ का सुधारली यावर भांडायची. मी नियम केला, एका फेरीला एकच बदल. आणि हवेचा आकडा लिहिताना टायर गार होता की गरम ते लिहायचंच. कारण टायरातली हवा तापली की दाब वाढतो. आपल्या बत्तीस पौंडांच्या मोटारीत पाच-सहा अंश तापमानाला साधारण एक पौंड, यांच्या कमी हवेच्या टायरात त्याच्या निम्मा. सकाळी बारा भरलेला टायर दहा मिनिटं पळून आला की चौदा दाखवायचा. म्हणून शर्यतवाले गार आकड्याला फारशी किंमत देत नाहीत. पळताना गरम टायरात किती हवी ते ठरवायचं आणि तिथून उलटा हिशेब करून गार असताना किती भरायची ते काढायचं. भंडाऱ्याच्या मे महिन्यातला गार म्हणजे कोइम्बतूरच्या जानेवारीतला गार नव्हे, हेही त्यात आलं.

तिसऱ्या दिवशी गंमत झाली. दुपारी गाडी एका वळणावर बरी, दुसऱ्या वळणावर वाईट. भाच्याने गेज लावलं, उजव्या बाजूच्या दोन्ही टायरांत हवा जास्त. त्याने थोडी थोडी काढून डाव्यांच्या बरोबरीला आणली. संध्याकाळी गाडी आणखी बिघडली. सगळे पुन्हा कागदात घुसले. भाईजाननी एकच विचारलं, "जेवताना गाडी कुठं उभी होती?" गाडी मिलच्या भिंतीला लागून, डावी बाजू सावलीत, उजवी उन्हात. उन्हातल्या टायरची हवा तापून वाढली होती, ती यांनी काढून टाकली. सावली आल्यावर उजवी बाजू कमी पडली. उन्हात बसून पोट भरणाऱ्या माणसाला हे कळायला थर्मामीटर लागत नाही. पोरांनी ताडपत्री आणली.

हवेच्या टायरचा धंदा ज्याच्यामुळे उभा राहिला त्या जॉन बॉइड डनलॉपचा मूळ पेशा जनावरांच्या डॉक्टरचा. 1888 मध्ये बेलफास्टला मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्याने हवेची नळी बसवली. आमच्या शंकरपटाच्या जिल्ह्याला हे ऐकून बरं वाटावं. पटाच्या बैलांवर बंदी होती, 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि 2023 मध्ये ती कायम झाली. तेव्हापासून जोड्या पुन्हा धावतात. पण पटाच्या छकड्याच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते, तिच्यात हवा नाही. तो विषय वेगळा.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. चौथ्या दिवशी दुकानात काळीपिवळीवाला एक तरुण आला. पुढचे दोन्ही टायर गोटा. भाईजाननी टोकलं तर पोरांच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यांचा पण गोटाच आहे की चाचा! रेसवाले गोटा टायर लावतात, पकड चांगली येते." भाच्याने त्याला खाली बसवलं. त्यांचा टायर सपाट आहे, कारण कोरड्या रस्त्यावर जेवढं रबर जमिनीला लागेल तेवढी पकड. रबर मऊ आहे, नवं आहे, पूर्ण जाडीचं आहे, आणि पाऊस आला तर ते लोकही हा टायर काढून खाचांचा लावतात. तुझा सपाट आहे, कारण रबर संपलं. उरलं ते वाळून कडक झालेलं, त्याच्याखाली धागे. त्या तरुणाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कटिंग करून देता का?"

भाईजान उठून आत गेले.

कटिंग म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक नसेल. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरायच्या. दिसायला टायर नवा. खरं तर जे थोडं रबर उरलंय तेच आणखी पातळ केलेलं. ट्रकच्या काही टायरांवर, ज्यांच्यात त्यासाठी जादा रबर ठेवलेलं असतं आणि तसं लिहिलेलं असतं, हे रीतसर करता येतं. जीपच्या, मोटारीच्या टायरवर नाही. आमच्या दुकानात अब्बांच्या काळी ते चालायचं. गरीब गिऱ्हाईक, नव्या टायरला पैसे नाहीत, सीझन लग्नाचा. 1996 च्या उन्हाळ्यात अशाच एका वऱ्हाडाच्या जीपचे पुढचे दोन टायर भाईजाननी कोरले. 'पुढची दोन, कटिंग, साठ रुपये' अशी नोंद माझ्या अक्षरात आहे. पाच दिवसांनी ती जीप लाखनीच्या पुढे उलटली. टायर फुटला होता. दोन माणसं गेली.

भाईजान सायकलवर तिथे जाऊन आले. कोणता टायर फुटला, पुढचा की मागचा, हे त्यांनी अब्बांना सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. कोणी आमच्याकडे चौकशीला आलं नाही. त्या रात्री पातं भंगारात गेलं. अब्बा महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत, कारण कटिंगच्या पैशावर घराचं किराणा चालायचं. मी यावर कविता लिहायचा प्रयत्न अनेकदा केला. होत नाही. वहीतली ती ओळच पुन्हा पुन्हा समोर येते.

भाईजान बाहेर आले ते दोन जुने, पण खाचा शाबूत असलेले टायर घेऊन. त्या तरुणाला म्हणाले, घाल, पैसे दिवाळीला दे. आणि टायरच्या भिंतीवरचे चार आकडे त्याला वाचायला लावले. 2319 लिहिलं असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खोली 1.6 मिलिमीटर उरली, तिथे टायर संपला. श्रोतेहो, हे आपल्या गाडीवर आज संध्याकाळी पाहून घ्या. हवा सकाळी, गाडी पळवण्याआधी तपासा, किती हवी तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. लांब पळून आल्यावर आकडा वाढलेला दिसला तर घाबरून काढू नका. समृद्धी महामार्ग 2022 मध्ये सुरू झाल्यावर तिथे टायर तपासायची पाळी आली, ती उगीच नाही. गावात चाळीसने चालणारा जुना, हवा कमी असलेला टायर तासन् तास शंभराच्या वर पळवला की भिंत वाकून वाकून आतून तापते आणि मग फुटतो.

जानेवारीत पोरं कोइम्बतूरला नवी गाडी घेऊन गेली. पहिल्या दहात आली नाहीत. पण सुमारे 22 किलोमीटरची लांब पल्ल्याची फेरी, जी आदल्या वर्षी अर्ध्यात सोडावी लागली होती, ती तुमसरच्या मुलीने आणि भाच्याने निम्मी निम्मी चालवून पूर्ण केली. तिचे वडील रेल्वेने तिथपर्यंत गेले होते.

परतताना पुढचे दोन टायर दुकानात उतरवले. भाईजाननी चष्मा लावला, अंगठा बाहेरून आत फिरवला, पुन्हा फिरवला.

"बाहेरची कड वाचली," ते म्हणाले. "आता आतली थोडी जास्त जाते. कॅम्बर जरा जादा झाला. लिही."

मी तारीख टाकली, टायर गार असल्याचं लिहिलं आणि मग ते वाक्य.