विहाराच्या अंगणात रंगांची बाग
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या मुलांनी विहारामागच्या मोकळ्या जागेत रंग देणाऱ्या झाडांची बाग लावायचं ठरवलं आहे. त्यावर आमच्या एका काकांनी मला सरळ विचारलं, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, अन् तुम्ही पोरांना रंगाऱ्याचं काम लावता?" प्रश्न रास्त आहे. जातीनं लादलेली कामं सोडताना आपल्या बापजाद्यांनी फार हाल सोसले. म्हणून उत्तर देणं मी माझं कर्तव्य समजतो.

विनयपिटकात भिक्खूंच्या चीवरासाठी सहा प्रकारचे रंग सांगितले आहेत : मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांचे. आता आपल्या धम्मध्वजाकडे बघा. १८८५ साली कोलंबोत तो प्रथम फडकला. त्यातला निळा रंग निळीच्या पाल्यातून मिळतो, पिवळा हळदीतून किंवा झेंडूतून, केशरी पळसाच्या फुलांतून, लाल बारतोंडीच्या मुळीतून. पांढरा म्हणजे आपलं धुतलेलं सुती कापड.

यात शिक्षण कुठं आहे? निळीचा पाला पाण्यात आंबवला की पाणी हिरवट-पिवळं दिसतं. ते घुसळलं की हवेतला प्राणवायू मिळतो आणि निळा रंग तळाशी बसतो. हा रसायनशास्त्राचा धडाच झाला. बाकीचे रंग सुतावर धरावेत म्हणून कापडाची खळ काढायची, ते हिरड्याच्या आणि मग तुरटीच्या पाण्यात भिजवायचं. हळद उन्हात लवकर उडते, झेंडू जास्त टिकतो. हे मुलं स्वतः ताडून पाहतील.

इतिहासही यातच आहे. बंगालात मळेवाल्यांनी शेतकऱ्यांना जबरदस्तीनं नीळ पेरायला लावली, म्हणून १८५९ साली शेतकरी उठले. पुढं १८९७ मध्ये जर्मनीच्या कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि ते पीकच बसलं. काका, वाईट होती ती जबरदस्ती. आपली पोरं आपल्या मर्जीनं, वही हातात धरून हे करणार आहेत.

आपला वैजापूर तालुका पाण्यासाठी कायम तरसलेला. म्हणून हळदीचे वाफे थोडेच ठेवू. नीळ पावसावर येते, जमिनीचा कसही वाढवते. पळस आणि बारतोंडी एकदा धरली की फारसं पाणी मागत नाहीत. आपला पळस मोठा होईपर्यंत फाल्गुनात शिवारातली फुलं वेचून आणू.

बारतोंडीच्या मुळीला मात्र रंग यायला तीन-चार वर्षं लागतात. आज आठवीत असलेली मुलगी तोवर कॉलेजात जाईल. म्हणून बागेची वही, पाण्याची पाळी आणि फाटकाची चावी दरवर्षी खालच्या वर्गातल्या मुला-मुलींच्या हाती गेली पाहिजे. आपण वडीलधाऱ्यांनी कुदळ द्यावी, हिशेब विचारावा, पण हुकूम सोडू नये.

पहिल्या ध्वजाचा लाल पट्टा बाजारातून आणावा लागेल. तोही आपल्या बागेतला होईल त्या बुद्धपौर्णिमेला ध्वज काकांनीच चढवावा, अशी माझी विनंती आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!