चित्रपटांतील बंदूक आणि रणांगणांतील बंदूक

युद्धपट पाहावयास बसलेल्या माणसाचें लक्ष बहुधा नायक-नायिकेच्या मुद्रेकडे असतें; त्यांच्या हातांतील शस्त्राकडे तो क्वचितच निरखून पाहतो. नाटकांतील ढाल-तरवारीप्रमाणें ती एक शोभेची वस्तु, अशीच त्याची समजूत असते. परंतु कांहीं कथा अशा असतात कीं, त्यांतील शस्त्राचा स्वभाव उमगल्यावांचून त्यांतील माणूसही उमगत नाहीं. १९४१-४२ सालीं ओडेसा व सेव्हास्तोपोल या काळ्या समुद्रावरील दोन बंदरांच्या रक्षणार्थ लढलेल्या ल्युदमिला पावलिचेंको या सोव्हिएत निशाणबाज स्त्रीची कथा या जातीची आहे. दिग्दर्शक सर्गेई मोक्रित्स्की यांनीं तिच्यावर काढलेला चित्रपट २०१५ सालीं प्रदर्शित झाला. रशिया व युक्रेन या दोन देशांच्या सहकार्यानें तो निर्माण झाला. रशियांत त्याचें नांव ‘सेव्हास्तोपोलचा संग्राम’, तर युक्रेनमध्यें त्याच चित्रपटाचें नांव ‘न मोडणारी’. यूलिया पेरेसिल्द या नटीनें त्यांत नायिकेची भूमिका केली आहे. या चित्रपटाच्या निमित्तानें, पावलिचेंकोबाईंच्या हातांतील बंदूक खरोखर कशी होती, ती चालविणाराकडून काय मागत असे, आणि त्यांपैकीं पडद्यावर किती येऊं शकतें, याचा विचार करण्याजोगा आहे.

बाईंचा जन्म १९१६ सालीं युक्रेनमधील बेलाया त्सेर्कोव्ह या गांवीं झाला. पुढें कुटुंब कीव्ह शहरीं येऊन राहिलें. तेथील ‘आर्सेनल’ कारखान्यांत काम करीत असतां त्यांना नेमबाजीची गोडी लागली. ‘ओसोआव्हियाखिम’ नांवाची एक विस्तीर्ण संस्था त्या काळीं सोव्हिएत संघांतील तरुण-तरुणींना बंदूक चालविणें, हवाई छत्रीनें उडी घेणें इत्यादि विद्या शिकवीत असे. तिच्याच आश्रयानें त्यांचा हात तयार झाला. त्यानंतर त्यांनीं कीव्ह विद्यापीठांत इतिहासाचा अभ्यास चालविला. जून १९४१ मध्यें जर्मन सैन्यानें आक्रमण केलें, तेव्हां भरतीच्या कचेरींत त्यांना परिचारिकेचें काम सुचविण्यांत आलें. तें नाकारून त्यांनीं रायफलच मागितली, आणि २५ व्या चापायेव्ह डिव्हिजनमध्यें त्या दाखल झाल्या.

द्रोणाचार्यांनीं शिष्यांची परीक्षा घेतली त्या वेळीं अर्जुनाला पक्ष्याच्या मस्तकावांचून दुसरें कांहींच दिसलें नाहीं, ही कथा आपल्याकडे पोराटोरांस ठाऊक आहे. परंतु तो पक्षी कृत्रिम होता, ही गोष्ट सांगणारे पुष्कळदां विसरतात. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर नेम धरणें निराळें आणि श्वास घेणाऱ्या माणसावर नेम धरणें निराळें. बाईंनीं पुढें स्वतः सांगितलें आहे कीं, रणांगणावर प्रथम त्यांच्याकडून बंदूक उडवेना. शेजारचा एक तरुण सैनिक गोळी लागून कोसळला, तेव्हां कोठें तो संकोच मोडला. कारखान्यांतील मुलगी व विद्यापीठांतील विद्यार्थिनी तेथें मागें राहिली. पुढें जें घडलें तें याच पालटाच्या पायावर उभें आहे.

आतां प्रत्यक्ष शस्त्राकडे वळूं. चित्रपटांत नायिकेच्या हातीं दुर्बीण बसविलेली मोसिन रायफल दिसते. ही बंदूक मुळांत झारच्या अमदानींतील. सर्गेई मोसिन या रशियन अधिकाऱ्याच्या रचनेवरून १८९१ सालीं ती सैन्यांत घेण्यांत आली. काडतुसांच्या पेटींतील कांहीं भागासाठीं लेओं नागां या बेल्जियन कारागिराच्या कल्पनेचा उपयोग झाला होता. १९३० सालीं तिच्यांत सुधारणा करण्यांत आल्या. नळीचें तोंड ७.६२ मिलिमीटर, पेटींत पांच काडतुसें, आणि लांबी जवळजवळ सव्वा मीटर. प्रत्येक बारानंतर बोल्टची मूठ उचलून मागें ओढावी लागे, म्हणजे रिकामें काडतूस बाहेर पडे. मग ती पुढें लोटून खालीं दाबली कीं नवें काडतूस नळींत शिरे.

साध्या शिपायाच्या मोसिनला ही मूठ सरळ व आडवी असे. परंतु नळीवर दुर्बीण चढवितांच ती दुर्बिणीला अडूं लागली. म्हणून निशाणबाजांच्या बंदुकींत ती लांब करून खालीं वांकविण्यांत आली. दुसरी अडचण अशी कीं, पांच काडतुसें एका पट्टींतून एकदम आंत दाबावयाची जागा दुर्बिणीनें अडविली. तेव्हां निशाणबाजाला तीं एकेक करून भरावीं लागत. म्हणजे दुर्बिणीनें दृष्टि वाढविली खरी, पण हाताची गति कमी केली. ज्याचा पहिला बार वायां जाणार नाहीं, त्यानेंच ही बंदूक वापरावी, असा जणू तिचा दंडक होता.

दुर्बिणींतही प्रकार होते. १९३० नंतरच्या दशकांत मोसिनवर ‘पी-ई’ नांवाची चौपट मोठें दाखविणारी दुर्बीण असे. साडेतीनपट दाखविणारी, आंखूड व सुटसुटीत ‘पी-यू’ दुर्बीण १९४० सालीं दुसऱ्याच एका रायफलीसाठीं निघाली. मोसिनवर ती चढविण्याची व्यवस्था १९४२ सालीं झाली. म्हणून युद्धपट पाहणाऱ्या जाणकारानें हा एक ताळा लक्षांत ठेवावा: प्रसंग १९४१ मधील ओडेसाचा असेल आणि मोसिनवर आंखूड दुर्बीण असेल, तर तेथें कालविपर्यास झाला असें समजावें. आज संग्रहांत आढळणाऱ्या दुर्बीणवाल्या मोसिनपैकीं बहुतेक याच उत्तरकालीन प्रकारच्या असल्यामुळें चित्रपटवाल्यांकडून ही चूक सहज होते.

ती दुसरी रायफल म्हणजे फ्योदोर तोकारेव्ह यांची ‘एस-व्ही-टी-४०’. पावलिचेंकोबाईंच्या युद्धकालीन छायाचित्रांपैकीं जें सर्वांत प्रसिद्ध, त्यांत त्यांच्या हातीं हीच आहे. हिच्या पेटींत दहा काडतुसें राहत, आणि नळींतील वायूच्या दाबानें पुढचें काडतूस आपोआप जागेवर येई. बोल्ट ओढण्यासाठीं हात हलवावा लागत नसे. दडून बसलेल्या माणसाला हा लाभ लहान नव्हे. कारण झुडुपांतून हललेली एक कोपरसुद्धां शत्रूच्या नजरेस पडते. पण प्रत्येक सोयीचें मोल मोजावें लागतें. हिच्या तोंडाशीं होणारी ज्वाळा मोठी, हिची यंत्ररचना नाजूक आणि चिखल-धुळींत रुसणारी, आणि लांबच्या पल्ल्यावर हिचा नेम जुन्या मोसिनइतका पक्का नाहीं. अखेर १९४२ सालीं निशाणबाजांसाठीं हिची निर्मिती थांबविण्यांत आली आणि पन्नास वर्षांची म्हातारी मोसिनच पुन्हां कामास लागली.

शस्त्रांचे हे तपशील पडद्यावर दाखवितां येतात. जें दाखवितां येत नाहीं, किंवा दाखविण्याचा धीर चित्रपटांस सहसा होत नाहीं, तें निराळेंच आहे. मोसिनची गोळी सेकंदाला आठशें मीटरहून अधिक वेगानें सुटते. ध्वनीचा वेग सुमारें ३४० मीटर. चारशें मीटरांवरील माणसाला गोळी अर्ध्या सेकंदाच्या थोडी पुढें-मागें लागते आणि बंदुकीचा आवाज तेथें पोंचावयास एक सेकंदाहून अधिक लागतो. ज्याला गोळी वर्मीं लागली, त्याला ती उडाल्याचा आवाज कधींच ऐकूं येत नाहीं. युद्धपटांत मात्र आवाज आणि पडणें हीं बहुधा एकाच क्षणीं घडतात, आणि त्या भीषण शांततेचा क्षण प्रेक्षकाच्या वांट्यास येत नाहीं.

दुर्बिणींतून दिसणारें दृश्यही असेंच. सामान्य युद्धपटांत काळ्या वर्तुळांत दोन बारीक रेषांची फुली दाखविण्याचा प्रघात आहे. वास्तविक त्या वेळच्या सोव्हिएत दुर्बिणींत खालून वर येणारा एक टोकदार खांब आणि दोन बाजूंनीं आंत येणाऱ्या दोन जाड रेषा असत. खांबाचें टोंक लक्ष्यावर ठेवावयाचें. आणि कांचेला दोन तोंडें असतात, हें विसरून चालत नाहीं. जी कांच शत्रूचा चेहरा जवळ आणते, तीच सूर्यकिरण पडतांच चमकून स्वतःच्या धन्याचा ठाव सांगते. १९३९-४० च्या हिवाळ्यांत फिनलंडवर सोव्हिएत सैन्य चालून गेलें, तेव्हां सिमो हायहा या फिनिश शेतकऱ्यानें याच कारणास्तव दुर्बिणीशिवाय, साध्या लोखंडी माशीवरून नेम धरणें पसंत केलें. पांचशेंहून अधिक सोव्हिएत सैनिक मारल्याचें श्रेय त्यास दिलें जातें. त्याच्या हातांतील बंदूक कोणती? ती मोसिनच होती. फिनलंडांत फेरफार केलेली, पण मूळ रचना तीच. बंदुकीला देश नसतो, हें याहून स्पष्टपणें कोण सांगेल?

निशाणबाजाचें खरें काम गोळी झाडणें हें नसून वाट पाहणें हें आहे. पहांटेपूर्वीं दोन सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यांत शिरावें, पालापाचोळा अंगावर ओढून पडून राहावें, आणि अंधार पडेपर्यंत तसेंच राहावें. समोर शत्रूचाही निशाणबाज असेल, तर प्रथम जो हालला तो संपला. सोव्हिएत नोंदीप्रमाणें पावलिचेंकोबाईंच्या नांवावर ३०९ शत्रुसैनिक आहेत, आणि त्यांत ३६ प्रतिपक्षाचे निशाणबाज होते. हा आंकडा उच्चारावयास एक क्षण पुरतो; तो घडण्यास सुमारें दहा महिने लागले. त्यांतील प्रत्येक नोंदीमागें दुर्बिणींतून पाहिलेला एक चेहरा आहे. तोफखान्यांतील गोलंदाजाला आपला गोळा कोणावर पडला हें दिसत नाहीं. निशाणबाजाला तें पाहावेंच लागतें. या धंद्याचें सर्वांत जड ओझें चार किलो वजनाची बंदूक हें नव्हे; तें हें पाहणें होय.

आणि ज्या शहरासाठीं हें चाललें होतें, त्याचें काय झालें? सेव्हास्तोपोलचा वेढा ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीपासून जुलै १९४२ च्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारें अडीचशें दिवस चालला. अखेरच्या हल्ल्यांत जर्मनांनीं क्रुप कारखान्याची ‘डोरा’ नांवाची रेल्वेवरील राक्षसी तोफ आणली. तिच्या नळीचें तोंड ८० सेंटिमीटर, मोसिनच्या शंभरपटींहून मोठें, आणि तिचा तटबंदी फोडणारा एक गोळा सुमारें सात टनांचा! असे ४८ गोळे तिनें त्या शहरावर टाकले. या महाकाय यंत्रापुढें ७.६२ मिलिमीटरची गोळी ती काय करणार? जून १९४२ मध्यें बाई उखळी तोफेच्या गोळ्यानें जखमी झाल्या आणि पाणबुडींतून त्यांना बाहेर काढण्यांत आलें. शहर पडलें. हजारों सैनिक मागें राहून कैद झाले. त्यांची चापायेव्ह डिव्हिजन त्या संग्रामांत जवळजवळ नष्टच झाली. ‘संग्राम’ हें भारदस्त नांव धारण करणाऱ्या चित्रपटाची खरी शोकांतिका हीच आहे कीं, अचूक नेम असूनही शहर वांचलें नाहीं.

त्याच वर्षीं बाईंना अमेरिकेस पाठविण्यांत आलें. युरोपांत दुसरी आघाडी उघडावी, अशी मागणी तेथील जनतेपुढें मांडणें हें त्यांचें काम होतें. व्हाइट हाउसमध्यें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांचें स्वागत केलें.  राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर यांच्याशीं त्यांचा स्नेह जुळला, आणि चित्रपटाच्या कथेंत या स्नेहाला मोठें स्थान आहे. परंतु वृत्तपत्रांच्या बातमीदारांनीं त्यांना काय विचारलें? आघाडीवर स्त्रिया ओंठांना रंग लावतात काय, आणि गणवेशाचा झगा इतका लांब व बेढब कां? जिनें वर्षभर मृत्यूकडे दुर्बिणींतून पाहिलें, तिच्याकडे पाहणाऱ्यांना झग्याची लांबी तेवढी दिसली. शिकागो येथील सभेंत त्यांनीं पुरुषश्रोत्यांना उद्देशून, आपण पंचवीस वर्षांच्या असून ३०९ शत्रु मारले आहेत, तेव्हां माझ्या पाठीआड आणखी किती दिवस दडणार, अशा अर्थाचा सवाल टाकला. या एका सवालानें त्यांनीं बातमीदारांचे सगळे प्रश्न निकालांत काढले.

याच दौऱ्यांत कॅनडांत त्यांना दुर्बीण लावलेली एक सुबक विंचेस्टर रायफल भेट मिळाली. ती आज मॉस्कोच्या सैनिकी संग्रहालयांत आहे. बाई पुन्हां आघाडीवर गेल्या नाहींत. निशाणबाजांना शिकविण्याचें काम त्यांनीं केलें, १९४३ सालीं ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब त्यांना मिळाला, आणि अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, १९७४ सालीं, त्या वारल्या.

या चित्रपटाला दोन नांवें कां, हा प्रश्न आतां पूर्वीपेक्षां अधिक बोंचतो. त्याचें काम चालू असतांनाच, २०१४ सालीं, रशियानें क्रिमिया व सेव्हास्तोपोल आपल्या ताब्यांत घेतलें. आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें त्यानें युक्रेनवर मोठी चढाई केली. ज्या दोन देशांच्या नटांनीं व तंत्रज्ञांनीं एकाच खंदकाचा देखावा मिळून उभारला, त्या दोन देशांचीं मुलें खऱ्या खंदकांतून एकमेकांवर नेम धरतीं झालीं. कीव्हमध्यें शिकलेली, ओडेसासाठीं लढलेली आणि मॉस्कोंत विसावलेली ही स्त्री कोणाची, हा वाद इतिहासकारांनीं घालावा.

प्रेक्षकानें मात्र हा चित्रपट पाहतांना बंदुकीचा बार ऐकूं येतो त्या क्षणापेक्षां त्याच्या अलीकडच्या क्षणाकडे अधिक लक्ष द्यावें. दुर्बीण कोणत्या सालची, मूठ सरळ कीं वांकविलेली, हे तपशील अवश्य तपासावे. खरेपणाची चाड त्यांतूनच लागते. परंतु ते सर्व बिनचूक असूनही माणूस मारणें हें एखाद्या खेळाप्रमाणें सोपें व चटकन होणारें वाटलें, तर तो चित्रपट खोटाच म्हटला पाहिजे. आणि चाप ओढण्यापूर्वीं त्या बाईचा श्वास जेथें क्षणभर थांबतो, तेथें प्रेक्षकाचाही थांबला, तर एखादी दुर्बीण चुकीच्या सालची असली तरी तेवढें क्षम्य मानावें.