खेळाडूचा उत्तरार्ध



इतर माणसे ज्या वयात आपापल्या व्यवसायात नुकती कोठे स्थिरावू लागतात, त्याच वयात खेळाडूची कारकीर्द संपत येते; आणि त्यानंतर त्याने अंगच्या विद्येचे काय करावे, याची तजवीज आपल्या समाजाने क्वचितच केलेली असते. फुटबॉलपटूला निदान पगारी संघांचा आधार असतो. महिंद्र युनायटेडकडून खेळलेले खालिद जमील दुखापतींनी जर्जर झाल्यावर मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले, 2016-17 मध्ये त्यांनी ऐझॉलसारख्या लहान संघास आय-लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले, आणि 2025 मध्ये राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली. परंतु आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा, आणि खो-खोमध्ये व्यावसायिक लीग सुरू व्हावयासच 2022 साल उजाडावे लागले.

म्हणूनच आपल्या जिल्ह्याच्या खो-खोपटू सारिका काळे यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सुमारे दहा वर्षे दोन वेळचे पोटभर अन्नही दुर्मीळ होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले. तथापि त्याच वर्षी घरच्या विवंचनेने खेळ सोडण्याचा विचार त्यांच्या मनात बळावला होता, आणि प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातल्यावरच त्या मैदानावर परतल्या. पुढे सरकारने त्यांस तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी नेमले. 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला बावीस वर्षांनी. पुरस्काराचा अभिमान मला आहेच, परंतु त्याहून अधिक महत्त्व मी त्या नेमणुकीस देतो, कारण तिच्यामुळे जिल्ह्याची विद्या जिल्ह्यातच राहिली.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. पाटीवर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या पाठीमागून ‘खो’ आला, की तिने उठतानाच दिशा ठरवावी लागते. एकदा खांदा वळला की खांब गाठेपर्यंत मागे फिरण्याची मुभा नाही, आणि पळणारी कसलेली खेळाडू नेमकी याच क्षणी हुलकावणी देते. हा खांदा किती उशिरा वळवावा, हे ज्याने शेकडो वेळा फसून आणि फसवून अनुभवले आहे, तोच त्या मुलीच्या शेजारी उकिडवा बसून दाखवू शकतो. 2025 च्या जानेवारीत दिल्लीच्या अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे नमवून भारतीय महिलांनी पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात आपल्या जिल्ह्याची अश्विनी शिंदे होती. अशी परंपरा एका पिढीच्या हातून दुसऱ्या पिढीच्या हाती द्यावी लागते.

आता अडचण अशी की तालुका क्रीडा अधिकाऱ्याच्या माथी शालेय स्पर्धांचे नियोजन, अनुदानाचे प्रस्ताव, क्रीडा संकुलाची देखरेख आणि वरिष्ठ कचेरीचा पत्रव्यवहार, असा सारा कारभार असतो. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु ती चोखपणे करणारा कारकून सहज मिळू शकतो, आणि खेळाडू मिळत नाही. तेव्हा जिल्हा प्रशासनास माझी कळकळीची विनंती आहे, की खेळाडूंतून आलेल्या अधिकाऱ्यांना दप्तरासाठी स्वतंत्र मदतनीस द्यावा, आणि त्यांची सकाळ-संध्याकाळ मैदानावरील मुलामुलींसाठी मुक्रर करावी.