मूळ प्रत आणि यंत्राचा हात



चार वर्षांपूर्वीं मीं आमच्या फैजपूरच्या आसपासच्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या कांहीं ओव्या लिहून घेतल्या. बोली आमची, लेवा गणबोली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचीं गाणीं ज्या बोलींत आहेत तीच. छपाईसाठीं त्या संगणकावर जुळविल्या. जुळवणाऱ्याच्या यंत्रांत शब्द आपोआप ‘शुद्ध’ करण्याची सोय होती. तिनें ‘मले’चें ‘मला’ केलें, ‘तुले’चें ‘तुला’ केलें, आणि हें सर्व मूळ फायलींतच केलें. माझी वही तोंपर्यंत पावसांत भिजून वाया गेली होती.

पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत असलेला माझा पुतण्या दिवाळीस आला, तेव्हां त्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, “काका, ही चूक आमच्याकडेहि फार जुनी आहे.” त्यानें सांगितलेलें माझ्या मॅट्रिकच्या बुद्धीला जेवढें उमगलें तेवढें आपणांस सांगतों.

संगणकाचा कार्यक्रम माणूस प्रथम वाचतां येईल अशा मजकुरांत लिहितो. त्याला ‘सोर्स’ म्हणतात. मी मूळ प्रत म्हणेन. तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करून चालती वस्तु घडविण्याच्या क्रियेला ‘बिल्ड’ असें नांव आहे. मोठ्या कामांत हजारों फायली असतात. त्यांतील कोणत्या पुन्हां घडवावयाच्या हें ठरविण्यासाठीं १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनीं ‘मेक’ नांवाचें साधन केलें. त्याची युक्ति सरळ आहे: मूळ फाईल तयार वस्तूहून अलीकडची असेल तरच घडण पुन्हां करावी.

पुतण्याच्या कचेरींत प्रत्येक घडणीचा क्रमांक मूळ प्रतींतच आपोआप लिहिला जाई. हेतु चांगला, बिघाड झाल्यास माल कोणत्या घडणीचा हें कळावें. परंतु क्रमांक पडतांच फाईल ‘अलीकडची’ ठरे, आणि एक अक्षरहि बदललेलें नसतांना तिच्यावर अवलंबून असलेलें सारें काम पुन्हां सुरू होई. दहा जणांच्या प्रतींत दहा क्रमांक; त्या एकत्र करतांना रोज तंटा. शेवटीं त्यांनीं क्रमांकापुरती एक निराळी फाईल केली. ती यंत्रानें दर वेळीं नव्यानें लिहावी. मूळ प्रतींच्या संग्रहांत तिला जागा नाहीं.

येथवर केवळ गैरसोय झाली. २०२० सालीं उघडकीस आलेला प्रकार निराळा. टेक्सासमधील सोलरविंड्स कंपनीच्या घडणीच्या यंत्रावर चोरट्यांनीं एक हेर-कार्यक्रम बसविला होता. ओरायन ह्या मालाची घडण सुरू झाली कीं तो एक मूळ फाईल काढून तेथें आपली ठेवी, आणि घडण संपतांच खरी फाईल परत जागीं आणी. मूळ प्रत कितीहि तपासा, दोष दिसावयाचा नाहीं. तो फक्त घडलेल्या मालांत. त्यावर कंपनीची सही मात्र खरी! तो माल सुमारें १८,००० गिऱ्हाइकांपर्यंत पोंचला असावा असा कंपनीचाच अंदाज होता. अमेरिकेचें अर्थखातेंहि त्यांत सांपडलें.

ह्यावर एक उपाय असा कीं, एकाच मूळ प्रतीवरून निरनिराळ्या यंत्रांवर घडण करावी आणि दोन्ही वस्तु अक्षरशः जुळतात कीं नाहीं तें ताडावें. डेबियन ह्या मुक्त प्रणालीचे कार्यकर्ते २०१३ पासून ह्या खटपटींत आहेत. घडणीची वेळ मालांत आपोआप उमटत असेल तर दोन घडणी कधींच जुळत नाहींत. म्हणून तेंहि त्यांना आवरावें लागलें.

हें ऐकतांना मला एकनाथ आठवले. नकलकारांच्या हातून बिघडलेली ज्ञानेश्वरी त्यांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, शुद्ध केली. आणि आपण तें केलें हें सालासह ग्रंथाच्या शेवटीं उघड नमूद केलें. माझ्या ओव्यांना हात लावणाऱ्या यंत्रानें एवढेंहि केलें नाहीं.

ओव्या सांगणाऱ्या बायांपैकीं तिघी आज हयात आहेत. त्यांच्याकडे पुन्हां जाऊन बसतों. ह्या खेपेस पुतण्यानें त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवला आहे, आणि शब्द सुधारण्याची ती सोय बंद केली आहे. एका ओवींत ‘मले’च्या पुढें कोणता शब्द होता, तो मात्र तिघींपैकीं कोणालाच आठवत नाहीं.