मरण एकाचं, शिक्षा दुसरीला

(कुडवा, जि. गोंदिया येथे बचत गटांतील महिला व कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर एकीने मला विचारलं, "मरणावर कायले बोलता, ताई? चांगलं काही बोला ना!" तिचं खरं आहे. पण आपल्या गटांतल्या कितीतरी जणींचं आयुष्य एका मरणाने उलटंपालटं झालं आहे, म्हणून हे बोलायला हवं.

इथे पोवार, कुणबी, तेली घरांतल्या बाया आहेत. बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, देवरी-सालेकशाकडच्या गोंड बहिणी आहेत. मरणाकडे बघण्याची प्रत्येकीच्या घरची रीत वेगळी. हिंदू घरांत आत्मा अमर मानतात. देहाला अग्नी देतात, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात, मग तेरवी. मुसलमान घरांत मरण म्हणजे अल्लाहकडे परत जाणं. मय्यतीला गुसल, कफन, जनाज्याची नमाज आणि होईल तितक्या लवकर दफन. बाईच्या मय्यतीला गुसल बायकाच देतात. गोंडांमध्ये पुरण्याची जुनी रीत आहे. गेलेलं माणूस पूर्वजांत, पेनांत मिसळतं असं मानतात. बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशील म्हणून निरोप देतात, पुढे पुण्यानुमोदन करतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ही त्यातलीच एक.

मरणापुढे राजा आणि रंक सारखे, हे सगळेच धर्म सांगतात. मग मला विचारायचं आहे, बाई आणि पुरुष सारखे आहेत का?

बायको मेली तर नवऱ्याच्या अंगावरचं काय उतरवतात? काहीच नाही. तेरवी होत नाही तोच त्याच्यासाठी स्थळं बघायला लागतात. नवरा मेला तर बायकोचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र आणि जोडवी काढतात. हे करणाऱ्या बहुतेक वेळा बायकाच असतात. पुढे हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, पोटच्या पोरीच्या लग्नात हळद लावायला ती पुढे होत नाही. आणि बाई नवऱ्याआधी गेली तर? तिला हिरवी साडी नेसवतात, ओटी भरतात आणि म्हणतात, "भाग्याची होती, अहेव गेली." म्हणजे तिचं स्वतःचं मरणसुद्धा नवरा जिवंत आहे की नाही यावरूनच मोजायचं!

दुसऱ्या धर्मांत सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. मुसलमान विधवेला चार महिने दहा दिवस इद्दत आहे. ती संपली की दुसरा निकाह करायला धर्माची आडकाठी नाही. नवऱ्याच्या मालमत्तेत मुलं असतील तर आठवा, नसतील तर चौथा हिस्सा कुराणानेच दिला आहे. रोजीरोटीसाठी विधवेला इद्दतीत दिवसा बाहेर जायची मुभा हनफी परंपरेतही आहे. पण घरचे तिला सांगतात ते एवढंच, 'उंबरा ओलांडू नको.' गोंडांमध्ये विधवेच्या दुसऱ्या लग्नाला कलंक मानत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. पण तिच्यावर दिराचा हक्क सांगायचीही रीत होती. तिथे तिची मर्जी कुणी विचारायची? पिंडदान सोडलं की मुलगाच हवा हे कारणही सुटतं. तरीही बौद्ध घरांत बांगड्या फुटताना मी पाहिल्या आहेत. धर्म बदलला तरी पुरुषप्रधान रीत मागच्या दाराने आत येते.

रीत बदलता येते, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवलं आहे. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं हातात धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठरावाने एका दिवसात मन बदलत नाही, हे मला कळतं. पण 'मला हे नको' म्हणणाऱ्या एकटीच्या मागे गाव उभं आहे, एवढं तरी त्याने होतं.

आता कामाचं बोलते. रडणं चालू असतं त्याच दिवसांत घरात कागद फिरतात. विधवेला कोपऱ्यात बसवायचं आणि अंगठा मात्र घ्यायचा, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. म्हणून गटांनी तीन कामं अंगावर घ्यावीत.

पहिलं, मरण झालेल्या घरी गटातली एक तरी बाई त्या बाईजवळ बसेल. तिला विचारल्याशिवाय कुणी तिच्या कपाळाला, हाताला हात लावणार नाही. तिला स्वतःहून काही काढायचं असेल तर तेही तिचंच म्हणणं.

दुसरं, सुतक संपेपर्यंत ती कोणत्याही कागदावर सही-अंगठा करणार नाही. नंतरही वाचून घेतल्याशिवाय नाही.

तिसरं, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, आणि जमीन असेल तर वारस म्हणून तिचं नाव लावायचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर विधवेला मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा आहे. बौद्धांनाही तो लागू आहे. पुढे तिने लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही. गोंड बहिणींना हा कायदा लागू नाही, तिथे रूढी बघतात. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला. बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती बाई आहे म्हणून वाटा नाकारता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

पिंड ठेवा, फातिहा पढा, त्रिशरण म्हणा, पेनांना नैवेद्य दाखवा. दुःखाला रीत लागते, ती मोडा असं मी सांगत नाही. पण जिवंत बाईला शिक्षा देणारा भाग तेवढा वेगळा काढू या. आपापल्या घरची रीत काय, त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे आता एकेकीने सांगावं. आधी विधवा बहिणी बोलतील, बाकीच्या ऐकतील.